तिसऱ्या मशीनवरचा एकटा

रक्तपेढीत तिला सगळे ‘मास्तरीण’ म्हणत, कारण दिसेल त्या भिंतीवर ती सूचना चिकटवायची. सहा महिने साहेबांच्या मागे लागून तिने रक्तपिशव्यांच्या नोंदींच्या डेटाबेससाठी तिसरं मशीन मिळवलं होतं, आणि आता ते बसल्या जागी पेंगत होतं. पहिल्या दोघांवर चाळीस-चाळीस संगणकांची कनेक्शन, तिसऱ्यावर फक्त एक. खिडकीवर रक्ताची एक पिशवी शोधायला पाच-पाच मिनिटं लागत होती.

साहेब दारातूनच म्हणाले, “संध्याकाळी हे मशीन परत पाठवतोय. पांढरा हत्ती कोण पोसणार? आणि यापुढे काही मागायला येऊ नका.”

मशीन गेलं की मास्तरणीच्या शब्दालाही इथे किंमत उरणार नव्हती.

नियम तिनेच घातला होता: नवं कनेक्शन आलं की ज्याच्यावर भार कमी, त्या मशीनकडे पाठवायचं. तीनदा तपासला, नियम चोख होता. पण तिच्या डोक्यात भलताच किडा वळवळू लागला. ऐंशी जणांना जे जमलं नाही, ते त्या एकट्याला कसं जमलं?

तो एकटा म्हणजे नोंदणीच्या टेबलावरचे काका निघाले. जागेवरून उठले की दिवा, पंखा, संगणक, सगळं बंद करणारा माणूस. तिला बघताच ते चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

“जेवायला जाताना परत बंद केला हो मी. हाताची सवय, जाता जात नाही.”

त्यांच्या डोक्यावरच लाल अक्षरांत सूचना होती: ‘संगणक कधीही बंद करू नये.’ खाली तिची सही. गेल्याच आठवड्यात तिने काकांना सगळ्यांदेखत झापलं होतं.

“मग चालू कधी केलात?”

“हा काय, आत्ता. दीड वाजता.”

तिला लख्ख कळलं. सोमवारी तिसरं मशीन दुरुस्तीसाठी बंद होतं, तेव्हा त्यावरचे सगळे बाकीच्या दोघांकडे गेले. मशीन परत आलं, पण जुनं कनेक्शन सोडून नवं घ्यायला काकांशिवाय कोणी संगणक बंदच करत नव्हतं. तिचीच आज्ञा पाळत होते बिचारे! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मग ती टेबलाटेबलावर फिरली आणि गर्दी ओसरेल तसा एकेक संगणक बंद-चालू करून घेतला. चारच्या सुमाराला तिन्ही मशीनवर सत्ताविसाच्या आसपास आकडे आले. खिडकीवर पिशवी चुटकीसरशी सापडू लागली. साहेबांनी आकडे पाहिले, चष्मा पुसला, परत पाहिले. “राहू दे मशीन,” म्हणाले.

मास्तरीण काकांकडे गेली आणि तिने ती लाल सूचना टरकन काढली.

“काका, चुकले मी. आता काय लिहू ते तुम्ही सांगा.”

“‘उठताना बंद करा’, एवढंच. पण सही तुमचीच असू द्या. माझं कोण ऐकतंय इथे?”

तिने लिहिलं, सहीही केली. मग थोडा विचार करून सुरुवातीला दोन शब्द वाढवले: ‘काका म्हणतात’.