आठ तुकडे

आमचा नवरा खाटीक. धंद्यात हात साफ, पण मुलीचा अभ्यास घ्यायला बसला की मी हातातलं काम टाकून जवळच उभी राहायचे. दुकान खाली, आम्ही वर. त्या दुपारी रक्ताळलेला एप्रनही न काढता तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिच्यासमोर बसला.

"बकरा कुठेही तोडतात का? सांधा बघायचा, तिथेच सुरी घालायची. शब्दाचंही तसंच." त्याने वहीत बोट खुपसलं. "इंटरनॅशनलायझेशन. किती तुकडे?"

"तीन," लेक म्हणाली. "इंटर, नॅशनल, आणि शेपटी आयझेशन. बाई म्हणाल्या, अर्थ बघून तोडायचं."

फाडकन कानाखाली बसली.

"अर्थ गेला चुलीत! तोंडाने म्हणून बघ. इं. टर. नॅ. श. न. लाय. झे. शन. आठ!" दर तुकड्याला एक थप्पड. मध्येच तिच्या नाकातून रक्त आलं, तरी मेल्याने आठही पुऱ्या केल्या.

"अहो, बहिरी होईल पोर! मागच्या वेळी डाव्या कानाने आठवडाभर ऐकू येत नव्हतं तिला. डॉक्टरांनी काय बजावलंय?"

"तू मध्ये पडू नकोस. माझ्या बापाने मला असंच शिकवलं."

"म्हणून तर केवढे दिवे लावलेत!"

त्याने मला कपाटावर ढकललं. कपाटाच्या दाराची मूठ बरगडीत घुसली. मग पुन्हा तिच्याकडे वळला. "बोल, किती?"

तीही त्याचीच लेक, हट्टी. "तीन," म्हणाली.

त्याने हात उगारला, त्याच डाव्या कानावर. ओट्यावर मांस ठेचायचा लाकडी हातोडा पडला होता. मी तो उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. तो "आई गं!" करत खाली बसला, तरी मी थांबले नाही. खांद्यावर, पाठीवर, जिथे लागेल तिथे. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. किती वर्षांचं साचलेलं! शेवटी तो मोडका हात छातीशी धरून जिना उतरला, खाली कुणालातरी हाका मारू लागला.

मी धापा टाकत वळले. लेक टेबलाखाली शिरली होती.

"ये बाळा, गेला तो. आता कुणी हात लावणार नाही तुला."

हातोडा अजून माझ्या मुठीत होता, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी वाकून दुसरा हात पुढे केला. तिने दोन्ही कान घट्ट झाकले, डोळे मिटले आणि घाईघाईने म्हणाली,

"आठ, आई. आठच आहेत."