गळ्यातली फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. जन्माने सागाची, नशिबाने करंटी. जव्हारच्या सुताराकडे उरले, म्हणून मोखाड्याकडच्या एका निवासी शाळेत आले. तिथल्या हेमंत गुरुजींनी मला भोक पाडलं, सुतळी ओवली आणि रंगाने लिहिलं, 'मी घरची बोली बोललो.' ज्याच्या तोंडून बोली निघेल त्याच्या गळ्यात मी. सुटायचं तर त्याने दुसऱ्याला बोलताना पकडून द्यायचं. पोरं शुद्ध बोलतात म्हणून तपासणीला आलेल्या साहेबांनी गुरुजींना शाबासकी दिली. अहो, पोरं बोलतच नव्हती!

बोहाड्याची, म्हणजे गावोगावच्या सोंगांच्या उत्सवाची, सुट्टी लागणार होती. घरोघरी सोंगांची तयारी चाललेली. शेवटच्या घंटेला मी ज्याच्या गळ्यात, त्याने सुट्टीभर शाळेतच राहायचं, असा नेम होता. त्या दिवशी मी वांगणीच्या सुकीच्या गळ्यात होते. सकाळपासून ती कान टवकारून फिरत होती, पण सगळ्यांनी तोंडाला कुलूप घातलेलं.

दुपारी गुरुजींनी जगाचा नकाशा टांगला. स्पेनची माणसं समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली, तलवारीने मुलूख घेतला, मग आपली भाषा लादली. तिथल्या लेकरांनी स्वतःच्या बोलीत तोंड उघडलं की मार. आज तिकडे देशच्या देश स्पॅनिश बोलतात आणि कित्येक बोली मेल्या. एवढं सांगून गुरुजी सुकीकडे वळले.

"किती निर्दय माणसं, नाही का गं सुके?"

सुकीने मान हलवली. तिच्याबरोबर मीही हलले.

घंटेच्या थोडं आधी तिची धाकटी बहीण गौरा लंगडत आली. ठेच लागून अंगठा फुटला होता. ताईला बिलगून ती घरच्या बोलीत सांगू लागली. मराठीत रडायला तिला अजून येत नव्हतं. सुकीने तिचे डोळे पुसले, हात धरला आणि तिला गुरुजींपुढे उभं केलं.

"गुरुजी, गौरा बोलली."

मी त्या चिमण्या गळ्यात पडले.

संध्याकाळी आई न्यायला आली. गौराला ठेवून घेतलंय, एवढंच गुरुजींनी तिला सांगितलं. खिडकीशी येऊन तिने आपल्या बोलीत लेकीला हाक मारली, पुन्हा मारली. गौराने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. रुसली असेल, असं म्हणून आई सुकीला घेऊन निघून गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळे सांगतात. मला मात्र जपू नका. चुलीत घाला. वाळून खडखडीत झाले आहे, फुंकरीसरशी पेटेन.