कॅमेऱ्याला कानाची जागा

सप्ताहाच्या कमिटीनं कॅमेरा घ्यायचं ठरवलं आणि तो निवडायचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पण आमच्या बोरीच्या सप्ताहाचे अध्यक्ष दत्तराव सगळ्यांसमोर म्हणाले, "चाळीस वर्षांत पंतांनी एक कीर्तन बुडवलं न्हाई. कीर्तनाचा कॅमेरा कसा असावा, हे त्यांच्याबिगर कोण सांगणार?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

खरी गोष्ट अशी, की त्या चाळीस वर्षांतली शेवटची तीन वर्षं मी कीर्तन ऐकलंच नव्हतं. पोस्टातून रिटायर झालो आणि पाठोपाठ कान गेले. मशीन घेतलं. घरात बायको, कावेरी, समोर बसून बोलली, की त्यावर भागायचं. मंडपात मात्र टाळ सुरू झाले की त्या मशीनमधून पत्र्यावर खडे ओतल्यासारखा आवाज यायचा आणि महाराजांचा शब्द त्यात कुठं जायचा ते कळायचं नाही. तरी जायचो. पहिल्या रांगेत बसायचो. शेजारच्याची मान डोलली की माझी डोलायची. लोक हसले की मीही हसायचो, जरा उशिरानं.

हे फक्त कावेरीला ठाऊक होतं. ती म्हणायची, "अहो, सांगून टाका ना एकदा." पण ज्याला ऐकू येत नाही त्याला पुढची जागा कशाला, असं कुणी म्हटलं तर? म्हणणार नाहीत हे कळत होतं. भीती तरी वाटायचीच.

तर महारुद्रला बरोबर घेऊन मी परभणीला गेलो. महारुद्र म्हणजे कमिटीतला तिशीतला शेतकरी, गावात मोबाइलचं काही अडलं की सगळे त्याच्याकडे जातात. आमचा जुना कॅमेरा कॅसेटचा. कॅसेट तासाची, कीर्तन दोन तासांचं. दृष्टांत ऐन रंगात आला की हमखास कॅसेट संपायची. ती बदलेपर्यंत दृष्टांतातला राजा मेलेला असायचा आणि कसा मेला ते कुणालाच कळायचं नाही.

दुकानदार शंतनु नावाचा तरुण होता. त्यानं काउंटरवर दोन कॅमेरे मांडले. "आता कॅसेट विसरा, काका. दोन्हीत कार्ड आहे. हा डीएसएलआर, फोटोचा राजा. आणि हा नुसता व्हिडिओचा."

एवढ्यात त्यानं महारुद्रचा एक फोटो काढलासुद्धा. पडद्यावर मागचं दुकान सगळं धूसर, आणि महारुद्रच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा.

"काका, हेच घ्यायचं!" महारुद्र हरखून गेला. "आपले महाराज असे दिसले तर बॅनर कसला लागंल! अन् लेन्स बदलता येती. त्या डबड्याला काय हाय?"

व्हिडिओचा कॅमेरा खरंच डबड्यासारखा दिसत होता. शंतनुनं त्याचा छोटा माइक महारुद्रच्या कॉलरला लावला आणि हेडफोन माझ्या हातात दिले. मी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं आणि हेडफोन चढवले.

"बोला काहीतरी," शंतनु म्हणाला असावा. ते मला ऐकू आलं नाही.

मग माझ्या डोक्याच्या मधोमध कुणीतरी म्हणालं, "रामकृष्णहरी, काका."

महारुद्रच होता तो. त्याच्या आवाजात त्याच्या वडिलांचा खर्ज उतरलाय, हे मला त्या क्षणी कळलं. तीन वर्षं हा माणूस माझ्याशी रोज बोलत होता, आणि त्याचा आवाज मला आज भेटत होता. तो पुढं म्हणाला, "हे डबडं नगं बर का काका," आणि त्यातला 'बर का'सुद्धा मला स्वच्छ ऐकू आला. मी डोळे पुसले. त्याला वाटलं, एसीचा वारा लागला.

मी शंतनुला विचारलं, "त्या दुसऱ्याला हे लावता येतं का?"

त्यानं मशीन घालायची खूण केली आणि सांगितलं, "माइक लागतो. पण ऐकायला जागा नाही त्या मॉडेलला. आणि एक सांगून ठेवतो, तो सलग अर्धाच तास रेकॉर्ड करतो. मग थांबतो. परत बटण दाबायचं."

हे शब्द मी झेललेच. "बघ, महारुद्र! दोन तासांच्या कीर्तनात तीनदा थांबायचं. मग कॅसेटनं काय घोडं मारलं होतं? हा व्हिडिओचा दोन-दोन तास थांबायचा नाही."

महारुद्रला ते पटलं. चेहरा उतरला, पण पटलं. मी बोललो त्यात खोटं काही नव्हतं. पण ते खरं मी कशासाठी बोललो, ते माझं मला माहीत होतं. गावाच्या कॅमेऱ्यात मी माझा कान घुसवला होता. परत येताना बसमध्ये डबडं मांडीवर होतं आणि महारुद्रच्या डोळ्याला डोळा भिडवायचं धाडस होत नव्हतं.

सप्ताहाला अजून वेळ होता. एकादशीला दुपारी देवळात बन्सीधर महाराजांचं कीर्तन असतं, त्यात कॅमेरा तपासायचं ठरलं. "मी उभा राहतो कॅमेऱ्यामागं," मी पुढं होऊन म्हणालो. महाराजांच्या उपरण्याला माइक लावला, हेडफोन चढवले, बटण दाबलं.

ते दोन तास कसे गेले, ते कसं सांगू? टाळ लांब राहिले, मृदंग लांब राहिला, आणि महाराज माझ्याजवळ येऊन बसले. दोन वाक्यांच्या मधला त्यांचा श्वास ऐकू येत होता. तीन वर्षं उपाशी असलेल्या माणसासमोर कुणी ताट वाढावं आणि वर आग्रह करावा, तसं झालं. पांडुरंगा, तुझं देणं कुठल्या दुकानातून येईल ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तरावांच्या टीव्हीवर ते कीर्तन लावलं. सगळी कमिटी जमली होती. पहिली पंधरा मिनिटं झकास. मग महाराज बोलता बोलता डावीकडे सरकले आणि पडद्याबाहेर गेले. पडद्यावर उरला देवळाचा खांब आणि मृदंगवाल्याचा अर्धा खांदा. पाऊण तास झाला तरी खांबच. आवाज मात्र खणखणीत.

"खांबाचं कीर्तन लय रंगलं!" महारुद्र म्हणाला आणि हशा पिकला.

दत्तरावांनी टीव्ही बंद केला. माझ्याकडे वळून बोलले, म्हणून ओठ दिसले. "पंत, तुमचं ध्यान कुटं होतं?"

"डोळे मिटले होते," मी म्हणालो. "हातानं टाळ्या वाजवत होतो. कॅमेरा आहे हेच विसरलो."

मग थांबवेना. कान गेल्याचं, पुढच्या रांगेचं, उशिरा हसण्याचं, दुकानातल्या हेडफोनचं, सगळं सांगितलं. "अर्ध्या तासाचं कारण खरं होतं. पण मी हा कॅमेरा माझ्यासाठी निवडला. चुकलं माझं."

मग महारुद्र म्हणाला, "म्हणजे काका, तीन साल नुसतंच हसलाव व्हय?"

"आन् थोरलीच्या लग्नात," दत्तराव दचकून म्हणाले, "मी व्याह्यांबद्दल तुमच्या कानात काय काय बोललो ते?"

"एक शब्द कळला नाही."

"मग बेस झालं. ते कुणालाच कळायला नको होतं."

या वेळी मी सगळ्यांच्या बरोबरीनं हसलो. हसू ओसरल्यावर दत्तराव म्हणाले, "पण पंत, इथून पुढं कॅमेऱ्यामागं तुमी उभं राहायचं न्हाई."

मी मान खाली घातली.

"तुमची जागा म्होरं हाय. चाळीस वर्षांची. तिथंच बसायचं. महारुद्र, कॅमेरा तू धर, अन् पंतांच्या कानापर्यंत पुरंल अशी लांब वायर आण."

महारुद्रनं वायर आणली, वर एकाचे दोन हेडफोन करणारी पिनही आणली. म्हणाला, "फोटोचा कॅमेरा मी कापसाचं झालं की घेणार हाय, काका. पण निवडायला तुमाला नेणार न्हाई."

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी ती काळी वायर सतरंजीखालून माझ्यापर्यंत आली. बायका ती ओलांडताना कावेरीला विचारत होत्या आणि ती सगळ्यांना अगदी मोकळेपणानं सांगत होती. बन्सीधर महाराज नारदाच्या गादीवर उभे राहिले. भोंग्याचा माइक अजून बंद होता. त्यांनी उपरण्यावरच्या लहान माइककडे मान जराशी वळवली आणि ओठ न हलवल्यासारखं म्हणाले,

"पंत, सुरू करू का?"

मी हात जोडले.