सोळांचा गोफ

सुज्ञ वाचकहो, आमच्या आठ गड्यांच्या गोफाचे सोळा गड्यांच्या गोफात रूपांतर कसे झाले, आणि त्यायोगे माझी पत्नी अनसूया माझ्यापासून किती दूर गेली, याचे यथार्थ निवेदन मी येथे करणार आहे.

गोफात एक गडी वाढला की आमच्या देवळाचे पटांगण सात हात लांबते. हे सर्वांस ठाऊक असल्याने पूर्वी आठांच्या वर कोणी जात नसे. यंदा मात्र बायकांनीही दोरी मागितली. मी सातवी उत्तीर्ण असल्याकारणाने नवी चाल रचण्याचे काम मजकडे आले. मंडपाच्या कडीला बांधलेल्या सोळा रंगीत दोऱ्या नाचता नाचता कशा विणाव्यात, हे मी तीन आठवडे वहीत लिहीत होतो. त्या काळात मी अनसूयेशी एक शब्दही बोललो नाही.

नाचाच्या दिवशी सकाळी तिने ट्रंक भरली. दुपारी मात्र ती आली व तिने हिरवी दोरी धरली. माझी पिवळी होती.

नाचात समोरासमोर आलो, त्या पहिल्या भेटीत मी विचारले, "तू उद्या काय करतलंस?"

"मी," ती म्हणाली आणि माझ्या उजवीकडून पुढे गेली. दुसऱ्या भेटीत म्हणाली, "उद्या." तिसऱ्या भेटीत, "म्हायेराक." वाक्याचे क्रियापद शेवटी येते, हे मी शाळेत शिकलो आहे. मी चौथ्या भेटीची वाट पाहू लागलो.

तेवढ्यात हुकूम देणाऱ्या गणूबुवांनी माझ्या वहीतून वाचले, "जोड घ्या!" प्रत्येक गड्याने पाहणाऱ्यांतील एकास शेजारी घेतले. बत्तीस झालो. पटांगण लांबले. पानाच्या तळाशी मी सुवाच्य अक्षरात 'पुन्हा पहिल्यापासून' असे लिहिले होते. त्यामुळे चौसष्ट झालो, मग एकशे अठ्ठावीस. माणसे संपली तेव्हा कुंपणापलीकडचे माड आत आले. माडांचा ठेका चुकत नाही.

"काय पंडित, बायल खंय हरवलंस?" पुढे नाचणारा बाबल हसला.

"बुवा, उलट म्हणा! गोफ सोडवा!" मी ओरडलो.

"वहीत उलट खंय लिवलंस?" बुवा म्हणाले. "गोफ घालूचा तेवढा लिवलंस, सोडूचा इसारलंस. आसा तेवढाच मी वाचतंय. सातवी तू, मी न्हय."

हे खरे होते. आठांचा गोफ सोडवणे सर्वांच्या पायांत होते. सोळांचा कोणाच्याच नव्हते.

गोफ आता विहिरीएवढा जाड झाला असून पलीकडचे दिसत नाही. त्यात हिरवी दोरी हलते, म्हणजे अनसूया अद्याप नाचत आहे. माझा डावा हात मोकळा असल्याने मी त्या हाताने हे लिहीत आहे.

आज ती माडांच्या रांगेतून येताना दिसली. तिच्या केसांतील अबोलीची वेणी ताजी आहे. सहा पावले राहिली. 'जातंय' असो की 'जावचंय नाय', दोहोंचा प्रारंभ एकाच अक्षराने होतो. तिने तोंड उघडले.

"जा..."

बुवांनी पुन्हा पहिले पान उघडले.

आपण येथवर वाचलेत, याबद्दल मी आभारी आहे. आपल्यापुढे दोरी आल्यास कृपया ती धरू नये.

आपला नम्र,
सहदेव बाबुराव घाडी