चार स्क्रू

रश्मीने यंत्र उलटं करून अण्णांसमोर धरलं. पाठीचं प्लॅस्टिक वर आलं होतं.

"बॅटरी फुगलीय, अण्णा. आज उघडलं नाही तर आतलं काहीच वाचणार नाही."

अण्णांनी फुगलेल्या पाठीवरून बोट फिरवलं. हातात मावणारं हे गेमचं यंत्र त्यांच्या मुलाने, ललितने, आणि या रश्मीने डहाणूतल्या भाड्याच्या खोलीत खपून बनवलं होतं. ललितकडे आधी एक परदेशी यंत्र होतं. ते बिघडलं तेव्हा कंपनीने त्याला आत हात घालू दिला नाही. गेमसुद्धा तिनेच द्यायचे, तिला वाटेल तेवढेच. तेव्हापासून पोराने ध्यास घेतला, की आपलं यंत्र कुणालाही उघडता यावं, त्यात हवा तो गेम घालता यावा. वेड्याचे हट्ट, असं अण्णा म्हणायचे आणि चिंचणी गावभर त्याचं कौतुकही सांगत फिरायचे.

कवचाचा साचा अण्णांनीच कोरला होता. त्यांची हयात दागिन्यांच्या डाय, म्हणजे नक्षी उठवायचे साचे, कोरण्यात गेली. डोळे फोडून एखादी नक्षी कोरावी आणि पुढच्या हंगामात ती दुसऱ्याच्या दुकानात दिसावी, हे त्यांनी किती वेळा सोसलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. ललितने चार स्क्रूंची जागा सांगितली होती. अण्णांनी ती मुकाट्याने गाळली आणि आतून टोकदार दाते कोरले. एकदा बसलं की बसलं. कुणी जबरदस्तीने उघडलंच, तर दाता सर्किटमध्ये घुसेल आणि चोराच्या हाती काही लागणार नाही.

ललितने ते पाहिलं त्या सकाळी बापलेकांचं वाजलं.

"उघडता येत नसेल, तर त्या कंपनीत नि आपल्यात फरक काय, अण्णा?"

"तुझी मेहनत कुणी चोरू नये म्हणून केलं रे."

"चोरू दे ना. त्यासाठीच तर बनवलंय."

यंत्र पाटावर टाकून तो मोटारसायकलवर वेवजीकडे निघाला, दुसरा साचेवाला बघायला. तलासरीच्या अलीकडे त्याला ट्रकने उडवलं. पाठीवरच्या सॅकमधला लॅपटॉपही त्याच्यासोबत चिरडला, आणि त्याच्या नव्या गेमची एकुलती प्रत या बंद डब्यात उरली.

त्या गेममध्ये ललितचा आवाज होता. खेळणारा खाडीत पडला की तो म्हणायचा, "पडलास? हरकत नाही, ये परत." अण्णांना खेळता कुठे येत होतं. ते मुद्दाम पडायचे. आवाज बंद पडू नये म्हणून चार्जरची वायर त्यांनी कधी काढलीच नाही, देवापुढचा दिवा जपावा तशी जपली. त्यानेच बॅटरी फुगली, आणि यंत्र बंद पडलं.

रश्मी म्हणाली, गेम साठवलेली चिप शाबूत असली तर आवाज काढता येईल. ती करवत घेऊ लागली, पण अण्णांनी हात पुढे केला.

"कवच माझं आहे. मीच कापतो."

बॅटरीला धक्का न लावता त्यांनी कडेकडेने कापलं. असं जीव मुठीत धरून त्यांनी सोन्याच्या कामालाही हात लावला नव्हता. कवच सुटलं. फुगलेल्या बॅटरीने सर्किट वर रेटलं होतं आणि एक दाता थेट चिपमध्ये रुतला होता. रश्मीने चिमट्याने चिप सोडवली तेव्हा तिचे दोन तुकडे झाले.

"बॅटरीमुळे झालं, अण्णा," रश्मी खाली बघत म्हणाली.

"दाता माझाच आहे, पोरी."

मग अण्णांनीच विचारलं, ललितला स्क्रू कुठे हवे होते. तिने बोटाने चार कोपरे दाखवले. अण्णांनी दाते घासून काढले, रिकाम्या कवचाला चार भोकं पाडली, आणि स्क्रू बसवले.

मग ते एकेक करून पुन्हा सोडवले. कवच अगदी सहज उघडलं.