मुंगीची फांदी

मित्रांनो, मी एक जुना कापडी तक्ता आहे. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीशेजारच्या खिळ्याला चाळीस वर्षं टांगलेला आहे.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने मला घडवलं. सांध्यांचे पाय असलेल्या प्राण्यांची वंशावळ त्याने माझ्यावर काढली. कोळी आणि विंचू एका फांदीवर, खेकडा आणि झिंगा दुसरीवर. मुंगी मात्र गोमेशेजारी, कारण तेव्हाची पुस्तकं तसंच सांगत. केव्हाच नामशेष झालेला ट्रायलोबाइट हा समुद्री प्राणीही त्याने पाय मोजून मोजून रंगवला. मुलं माझ्यासमोर उभी राहून वह्या भरत. मला फार बरं वाटे.

पुढे त्याच पेंटरची मुलगी इथे प्राध्यापिका झाली. जनुकं तपासून निघालेलं नवं ज्ञान तिने शिकवायला घेतलं आणि मी चुकीचा ठरलो. विभागप्रमुख म्हणाले, "काढून टाका. छापील तक्ता मागवू."

तिचा हात खिळ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली.

"बाबा, मुंगीची जागा चुकली आहे."

"एका पाटीवर कधी काना चुकला नाही माझा," म्हातारा म्हणाला. मग स्टूल ओढून बसला. "बरं, मुंगीचं जवळचं कोण?"

"झिंगा."

"काय सांगतेस! मग गोमेला काय सांगायचं?"

"सांगा, नातं आहे, पण लांबचं."

तो हसला. स्वतःच रंगवलेली फांदी त्याने स्वतःच पुसली. लेकीने त्याचं मनगट धरलं. दोघांनी मिळून मुंगीला झिंग्याच्या फांदीवर बसवलं. रेघ जरा वाकडी आली. ट्रायलोबाइटपाशी त्याने विचारलं, "आणि हा?"

"त्याच्या जागेवर अजून वाद आहे, बाबा."

"मग ठिपके देतो. ठरलं की जोडा कोणीतरी."

मित्रांनो, त्या दोघांचे उपकार मी विसरलेलो नाही. एकाने मला जन्म दिला आणि चूक कळल्यावर रागावला नाही. दुसरीने मला अडगळीत जाऊ दिलं नाही. तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू चुकीची ठरेल. फेकण्याआधी, ती बनवणाऱ्याला एकदा बोलावून बघा.