ओपलच्या माळावर

दोन दिवस ऑस्ट्रेलियातलं ते राष्ट्रीय उद्यान पाहूनही त्यात उद्यान कुठे आहे हे काळुरामला कळलं नव्हतं. नुसती तांबडी माती, सुकलेलं तळं, माणसाचा मागमूस नाही. लेक दर्शना ॲडलेडला नर्स होती, जावई विकीही तिथलाच झालेला. लेकीच्या हट्टापायी सत्तरीचा काळुराम घोडबंदर रोडचं घर सोडून महिनाभर आला होता.

तिसऱ्या दिवशी विकीने बाप-लेकीला घेऊन गाडी ओपलच्या खाणींकडे वळवली. ओपल म्हणजे तिथलं रंगीत रत्न. उजाड माळावर शेकडो पांढऱ्या राशी उभ्या होत्या. काळुरामचं तरुणपण मिठागरात गेलेलं. त्याला वाटलं, मीठच आहे. पण प्रत्येक राशीशेजारी माणूस सहज मावेल एवढं भोक होतं. ना कठडा, ना झाकण.

"मामा, बघून पाऊल टाका. चाळीस-चाळीस फूट खोल आहेत," विकी म्हणाला.

"मंग हितं आनलंस कशाला?" काळुराम पुटपुटला.

वारा पडला तेव्हा आवाज आला. जमिनीखालून. कुणीतरी कण्हत होतं. जवळच्याच एका भोकाशी टोपी पडली होती.

मोबाईलला रेंज नव्हती. "मी गावातून माणसं आणतो. तुम्ही जवळ जाऊ नका," म्हणत विकीने गाडी पिटाळली. धुरळा बसला आणि माळावर बाप-लेकच उरले.

कण्हणं बारीक होत चाललं. काळुरामला राहवेना. दर्शना "बाबा, नको" म्हणेस्तोवर तो पोटावर आडवा झाला, सरपटत कडेला गेला आणि आत तोंड घालून ओरडला, "घाबरू नको र! मानसं येतान!"

खालून एकदम इंग्रजी शब्द आले. तेच तेच, घाईघाईने.

"बग, बोलतंय! काय म्हंतंय ग?"

दर्शनाचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, मागे हो म्हणतोय! कड सुटतेय म्हणतोय!"

काळुरामच्या छातीखालची माती हलली. दर्शनाने पाय धरून त्याला खेचलं, आणि तो होता तिथली हातभर कड धप्पकन आत गेली. बराच वेळ माती पडत राहिली. मग काहीच नाही. दोघांनी घसा बसेपर्यंत हाका मारल्या.

दीड तासाने दोर, शिड्या घेऊन माणसं आली. उन्हं कलताना त्यांनी त्याला वर काढलं. तोंडावर चादर होती.

काळुराम उभा राहिला. "इचार त्यांना," तो म्हणाला. "मी कडंला गेलू नसतू त वाचला असता का?"

दर्शनाने त्यांच्या म्होरक्याला विचारलं. तो हलक्या आवाजात सांगू लागला.

"एवढ्या उंचीवरून पडलेला तसाही वाचला नसता म्हणतायत. तुझा दोष नाही, बाबा."

पण म्होरक्या ढासळलेल्या कडेकडे हात करून अजून बोलतच होता, आणि दर्शना त्याच्याकडे बघत नव्हती.